पॅकेजच्या आकड्यामागे: कर्जत-खालापुरातली पदवी आणि पगार

बारावीचा निकाल लागला की कर्जतच्या चारफाट्यापासून खोपोलीच्या शिळफाट्यापर्यंत रस्त्याकडेचे फलक बदलतात. बंगलो प्लॉट आणि रिसॉर्टच्या जाहिरातींच्या जोडीला कॉलेजांच्या जाहिराती येतात. कोर्सचं नाव बारीक अक्षरांत असतं, ‘हायेस्ट पॅकेज’चा आकडा मात्र धावत्या गाडीतूनही वाचता येतो. पोराला कुठे घालायचं याचा निर्णय अनेक घरांत त्या आकड्यापासून सुरू होतो.

या दोन तालुक्यांत निवडीला वाव आहे. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचं आणि खोपोलीला केएमसी, ही कला-वाणिज्य-विज्ञानाची महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली चालतात. अभियांत्रिकीसाठी कर्जत, भिवपुरी, खालापूरजवळचं कुंभिवली आणि रसायनी इथे संस्था आहेत. विजयभूमी आणि युनिव्हर्सल एआय ही दोन खासगी विद्यापीठं गेल्या काही वर्षांत कर्जतच्या डोंगरपायथ्याला आली आहेत. याच जिल्ह्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. शेतकीकडे जायचं तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे आणि त्याचं भात संशोधन केंद्र थेट कर्जतमध्ये आहे. एवढ्या पर्यायांतून कुठली पदवी किती कमवून देते, हा प्रश्न रास्त आहे. पण फलकावरचा आकडा त्या प्रश्नाचं उत्तर नसतो. तो कसा तयार होतो ते आधी पाहू.

आकडा शिजतो कसा

एक मानलेलं उदाहरण घेऊ. एका वर्गातून ६० जण पास झाले. त्यांतल्या १५ जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली. एकाला वर्षाला १२ लाख, दोघांना ५-५ लाख आणि उरलेल्या बाराजणांना २ लाख ४० हजार. फलकावर जाईल १२ लाख. माहितीपुस्तिकेत जाईल सरासरी, म्हणजे सुमारे ३ लाख ३९ हजार. दहावीच्या गणितात शिकलेला मध्यक काढला, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावून मधल्याचा पाहिला, तर तो निघतो २ लाख ४० हजार. आणि उरलेल्या ४५ जणांचं काय झालं, हे या तीनपैकी एकही आकडा सांगत नाही.

हे २ लाख ४० हजारही हातात येत नाहीत. पॅकेजमध्ये कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी धरलेला असतो. महिन्याच्या २० हजारांत मूळ वेतन १० हजार धरलं, तर कंपनीचा १२ टक्के वाटा १,२०० आणि आपला तेवढाच, वर व्यवसाय कर. इन-हँड साधारण १७ हजार चारशे. घरखर्चाचा हिशेब करायचा तो यावर.

देशपातळीवर याहून बरी माहिती देणारी एक सोय आहे, पण ती फारसं कोणी उघडून पाहत नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती आणि किती जण पुढे शिकायला गेले, हे सगळं तिथे एका तक्त्यात असतं. आकडे संस्थेने स्वतः दिलेले असतात, तरी फलकापेक्षा ते कितीतरी बोलके. त्या तक्त्याची एक मर्यादा मात्र आपल्या प्रश्नाच्या मुळावर येते. तीन वर्षांच्या सगळ्या पदव्या तिथे एका गटात, चार वर्षांच्या दुसऱ्या गटात. म्हणजे बी.ए. मराठी, बी.कॉम. आणि बी.एस्सी. रसायनशास्त्र यांचा मध्यक एकच. संस्थेचं नाव आपल्याला दिसतं, विषय त्यात विरघळून जातो. आणि पगारात सर्वांत जास्त फरक पाडणाऱ्या गोष्टींपैकी एक नेमकी विषय हीच आहे.

कॉलेजचं नाव मोठं की विषय?

हे तपासणं वाटतं तितकं सोपं नाही. अभियंत्यांना इतिहासाच्या पदवीधरांपेक्षा जास्त पगार मिळतो हे कोणीही सांगेल. पण तो फरक अभियांत्रिकीने पाडला, की मुळात गणितात पुढे असलेली आणि क्लासची फी परवडणारी मुलंच तिकडे गेली म्हणून पडला? एकच मुलगा एकाच वेळी दोन्हीकडे शिकवून बघता येत नाही.

नॉर्वेमध्ये किर्केबोएन, ल्यूव्हेन आणि मोगस्टाड या अर्थतज्ज्ञांनी यातून वाट काढली. तिथे उच्च शिक्षणाचे प्रवेश केंद्रीय पद्धतीने होतात. विद्यार्थी पसंतीक्रम भरतात आणि गुणांप्रमाणे जागा मिळते. आपल्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून गेलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एखाद्या शाखेची यादी जिथे संपते, तिथे एकजण काठावर आत येतो आणि जेमतेम कमी गुणांचा दुसरा आपल्या पुढच्या पसंतीकडे ढकलला जातो. दोघांची कुवत जवळपास सारखीच. पुढे त्यांच्या कमाईत जो फरक पडला, तो शाखेमुळे पडला असं म्हणायला आधार मिळतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की विषय बदलला की कमाई मोठ्या प्रमाणात बदलते. विषय तोच ठेवून संस्था बदलली, तर फरक त्या मानाने कमी. शिवाय ज्याचा त्याचा फायदा वेगळा होता, कारण एखादी शाखा किती लाभते हे ती न मिळाल्यास तुम्ही कुठे गेला असता यावरही ठरतं.

नॉर्वेतल्या संस्थांत आपल्याइतकी दरी नाही, हे लक्षात ठेवायला हवं. भारताबद्दल शीतल सेखरी यांनी अशाच काठावरच्या विद्यार्थ्यांची तुलना करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. नामांकित सरकारी महाविद्यालयात जेमतेम प्रवेश मिळालेल्यांचा पुढचा पगार जास्त होता. पण शेवटच्या परीक्षेतले त्यांचे गुण, थोडक्यात हुकलेल्यांपेक्षा काही वेगळे नव्हते. शिकणं जवळपास सारखं, मोबदला वेगळा.

ही फट समजायला मायकल स्पेन्स यांचा १९७३ चा सिद्धांत उपयोगी पडतो. २००१ मध्ये ते अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. मुलाखतीला बसलेल्या कंपनीला उमेदवाराच्या डोक्यात काय आहे ते दिसत नाही. मग ती पदवीकडे खूण म्हणून बघते: याला अमुक ठिकाणी प्रवेश मिळाला, तीन-चार वर्षं टिकून पास झाला, म्हणजे बरा असावा. याच्या उलट बाजूला गॅरी बेकर आणि जेकब मिन्सर यांची मांडणी आहे. शिक्षणाने माणसाची उत्पादकता खरोखर वाढते आणि पगार त्या वाढीचा असतो, असं ती सांगते. प्रत्यक्षात प्रत्येक पदवीत दोन्ही मिसळलेलं असतं, प्रमाण वेगवेगळं.

खुणेची किंमत संस्थांनाही पक्की ठाऊक आहे. २०२४ मध्ये बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी लागू झाली. तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांनी बीएमएसचं नाव बदलून ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ केलं. वर्ग तेच आणि प्राध्यापकही तेच, पण प्रमाणपत्रावरचं नाव वेगळं. आता भरती करणारा ‘बी.कॉम.’ ही अक्षरं आधी वाचतो की कंसातली, यावर त्या तुकडीचा भाव थोडाफार हलणार.

शिकलेलेच बेकार का दिसतात

जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज करून सासारोपुलोस आणि पॅट्रिनोस यांनी शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे कमाईत सरासरी सुमारे ९ टक्के वाढ दाखवली आहे. मग आपल्या गावात पदवीधर कट्ट्यावर आणि दहावी नापास कामावर, असं चित्र का? हे चित्र खरं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतातल्या १५ ते २९ वयाच्या पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के.

या आकड्यावरून शिक्षण फुकट गेलं असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. बेरोजगार म्हणून मोजला जायला काम न करता काम शोधत राहण्याची ऐपत लागते. पावसाळा संपला की वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबातल्या मुलाला ती ऐपत नाही. मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीला त्याला करावंच लागतं, म्हणून तो बेरोजगारांच्या रकान्यात दिसत नाही. पदवीधर थांबतो, कारण घर त्याला थोडी वर्षं सांभाळतं आणि त्याला पदवीला साजेशी नोकरी हवी असते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात २५ वर्षांखालच्या पदवीधरांची बेरोजगारी ४२.३ टक्के होती, पस्तिशी ओलांडलेल्यांत ती ५ टक्क्यांच्या खाली उतरते. म्हणजे काम शेवटी लागतं. ते काम पदवीच्या तोलाचं असतं का, हा पुढचा आणि अवघड प्रश्न.

या थांबण्याचं सर्वांत ठळक रूप म्हणजे स्पर्धा परीक्षा. तलाठी व्हायला कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. खोपोलीतल्या नव्या पदवीधराच्या इन-हँडशी ते ताडून पाहा म्हणजे ओढ कळते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. बी.ए.ची पदवी इथे नोकरी देत नाही, अर्ज भरण्याचा हक्क देते. तो हक्क मोलाचा आहे, पण दोनशे जणांतल्या एकाला जागा मिळणार असेल तर बाकीच्यांनी किती वर्षं द्यायची, याची मर्यादा आधीच ठरवलेली बरी.

एक पदवी, दोन बाजार

आता या दोन तालुक्यांची खास गोष्ट. इथल्या पदवीधराला दोन बाजार उपलब्ध आहेत, आणि तीच पदवी दोन्हीकडे वेगळ्या भावाने जाते.

पहिला बाजार घाटाच्या पायथ्याचा. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी खाली आणून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार केली. भिवपुरीचं केंद्र १९२२ चं. वीज, पाणी आणि मुंबई-पुणे रस्ता यांच्या जोरावर पुढे खोपोली परिसरात पोलाद, पाइप आणि कागदाचे कारखाने आले. रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स म्हणजे एचओसी उभी राहिली. १९८२ मध्ये रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना पाताळगंगेला सुरू झाला, नंतर औषध कंपन्या आल्या. या बाजारात बी.एस्सी. रसायनशास्त्रवाल्याला गुणवत्ता तपासणाऱ्या क्यूसी लॅबमध्ये जागा असते, मेकॅनिकलच्या डिप्लोमावाल्याला मेंटेनन्समध्ये, आयटीआयच्या फिटरला आणि इलेक्ट्रिशियनला शॉप फ्लोअरवर. इतिहासाच्या किंवा मानसशास्त्राच्या पदवीला इथे थेट गिऱ्हाईक नाही.

सुरुवातीला या पातळ्यांमधलं अंतर आश्चर्य वाटावं इतकं कमी असतं. शिकाऊ उमेदवारांच्या २०१९ च्या सुधारित नियमांत किमान विद्यावेतन पदवीधराला ९,००० रुपये, पदविकाधारकाला ८,००० आणि बारावी झालेल्याला ७,००० असं धरलं होतं. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६ हजार, आयटीआय आणि पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार. तीन-चार वर्षं जास्त शिकून हातात पडतात दोन ते चार हजार जास्त. पण खरा फरक पहिल्या पगारात नसतोच, तो वर जाण्याच्या वाटेत असतो. कारखान्यात कामगार आणि स्टाफ अशा दोन वेगळ्या श्रेणी असतात. पदवी दुसऱ्या श्रेणीचं दार उघडते, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत अंतर वाढतं ते तिथे.

याला इथलाच एक अपवादही आहे. ठेकेदाराकडे कॉन्ट्रॅक्टवर लागलेला पदवीधर आणि जुन्या कंपनीत युनियनचा करार लागू असलेला पर्मनंट आयटीआयवाला, या दोघांत दुसऱ्याचा पगार जास्त असणं मुळीच नवल नाही. म्हणून ‘कंपनीत लागला’ एवढं ऐकून हिशेब पुरा होत नाही. कंपनीच्या हजेरीपटावर लागला की ठेकेदाराच्या, हे विचारावं लागतं.

आणि एकाच कारखान्यावर बेतलेल्या शिक्षणाचा धोकाही इथेच पाहायला मिळतो. रसायनीतल्या एचओसीचे तोट्यातले प्लांट बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये घेतला. रॉकेटच्या इंधनासोबत लागणारं रसायन बनवणारा एक प्लांट तेवढा इस्रोकडे सोपवायचं ठरलं. एचओसीचं नाव लावणारं अभियांत्रिकी महाविद्यालय मात्र रसायनीत चालू आहे. रसायनशास्त्र शिकलेल्याला पाताळगंगेची वाट तरी होती. बंद पडलेल्या एखाद्या प्लांटपुरतंच कौशल्य असलेल्याला ती सोपी नव्हती. विषय जितका व्यापक, तितका तो दुसऱ्या कंपनीत नेता येतो.

दुसरा बाजार लोकलच्या रुळांवर आहे. कर्जतहून मुंबईचं टोक सुमारे १०० किलोमीटर, खोपोलीहून आणखी पंधरा. बी.कॉम.ला ठाण्याच्या सीए फर्ममध्ये, संगणकवाल्याला ऐरोलीच्या आयटी कंपनीत, बीएमएसवाल्याला बीकेसीच्या बँकेत काम मिळू शकतं. पगार तिथे चढा, पण त्यातून वेळ वजा करावा लागतो. समजा खोपोलीत १७ हजारांची नोकरी आहे आणि येण्याजाण्यासह रोजचे ९ तास जातात. बीकेसीत २२ हजार आहेत, पण दाराबाहेर १३ तास. महिन्याचे २५ दिवस धरले, तर पहिल्या नोकरीत तासाला सुमारे ७६ रुपये पडतात, दुसरीत ६८. पाच हजार जास्त देणारी नोकरी तासाच्या भावाने स्वस्त निघते.

तरीही ती घेण्यात शहाणपण असू शकतं. मोठ्या शहरात एका धंद्यातल्या अनेक कंपन्या जवळजवळ असतात, दोन वर्षांच्या अनुभवावर नोकरी बदलून पगार वाढवता येतो. खोपोलीत क्यूसी लॅबची पुढची संधी यायला वाट पाहावी लागते. म्हणून पहिल्या पगाराच्या जोडीला विचारायचं ते हे की पाच वर्षांनी या वाटेवरचे लोक कुठे असतात. शिफ्ट संपल्यावर शेवटची गाडी मिळेल का, हा प्रश्नही यात येतो. कर्जत-खोपोली हा एकेरी मार्ग, गाड्या मोजक्याच. मुलीने कुठली नोकरी घ्यायची हे कित्येक घरांत पदवीपेक्षा वेळापत्रक ठरवतं. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फीमाफी राज्याने दिली. कॉलेजपर्यंतची अडचण त्यामुळे कमी झाली, कॉलेजनंतरच्या प्रवासाची तशीच राहिली.

काका कंपनीत आहेत

नोकरी कोणामुळे लागली हे विचारलं तर खोपोलीत ‘काका कंपनीत आहेत’ हे उत्तर बरेचदा मिळतं. ओळखीचा हा आधार शिक्षणाची निवड कशी वाकवतो, याचा एक नावाजलेला अभ्यास याच मध्य रेल्वेवरच्या दादरमध्ये झाला. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. १९९० च्या दशकात अर्थव्यवस्था खुली झाल्यावर इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांची कमाई मराठी माध्यमाच्या तुलनेत वेगाने वाढू लागली होती. तरी कष्टकरी जातींतले मुलगे मराठी माध्यमातच राहिले, कारण गिरण्या-कारखान्यांत लावून देणारे जातभाई आणि नातेवाईक त्यांच्या हाताशी होते. मुलींसाठी अशी साखळी नव्हतीच, त्यामुळे त्या जास्त सहज इंग्रजी शाळेकडे वळल्या. आधार नसलेल्यांनी नवी वाट आधी धरली आणि आधार असलेले जुन्या वाटेवर अडकले.

खोपोली-पाताळगंगेत हीच गोष्ट पदवीच्या बाबतीत लागू पडते. काका मेंटेनन्समध्ये आहेत म्हणून पुतण्या मेकॅनिकलला जातो. काकांच्या कंपनीत जागा असेपर्यंत हा निर्णय उत्तमच. ती कंपनी दुसऱ्याने विकत घेतली किंवा बंद पडली, की ओळखीचं मोल एका दिवसात जातं, तेव्हा उरतो फक्त विषय. म्हणून ओळख पहिल्या नोकरीसाठी वापरावी. विषय निवडताना मात्र पुढच्या तीस वर्षांकडे पाहावं.

काळ, कर्ज आणि न दिसणारा फायदा

काही गोष्टी विद्यार्थ्याच्या हातात मुळीच नसतात. कॅनडातल्या पदवीधरांच्या दीर्घ अभ्यासात ओरियोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की मंदीच्या वर्षी पदवी घेतलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते आणि ही खोट भरून यायला साधारण दहा वर्षं लागतात. २०२० मध्ये टाळेबंदीत बाहेर पडलेल्या तुकडीचा पगार पाहून त्या कोर्सला नावं ठेवणं म्हणूनच अन्यायाचं.

खर्च मात्र आपल्या हातात असतो. पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं, तर हप्ता येतो ६,६०० च्या आसपास, आणि शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही. सतरा हजारांच्या इन-हँडमधून तो गेला, की हातात जेमतेम दहा हजार उरतात. अनुदानित महाविद्यालयातली बी.एस्सी. आणि लाखोंची फी असलेली पदवी यांची तुलना करताना फी वजा करूनच करावी. महागड्या कॅम्पसवरचा पगार कदाचित जास्त असेलही. पण तिथे येणाऱ्यांचं घर, शाळा, इंग्रजी आणि ओळखी यांचा त्यात किती वाटा आहे, हे आपल्या घरातल्या मुलाकडे बघून ज्याने त्याने ठरवायचं.

आणि पगाराच्या रकान्यात कधीच न येणारा एक फायदा कर्जतच्या भात केंद्रात दिसतो. कर्जत-३, कर्जत-७ अशा जाती तिथल्या शास्त्रज्ञांच्या कामातून आल्या. कोकणातल्या शेतकऱ्याला वाढीव उताऱ्यातून जे मिळालं, ते त्या शास्त्रज्ञाच्या पगारपत्रकात दिसत नाही. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शिक्षणाचंही असंच आहे. फॉस्टर आणि रोझेनझ्वाइग यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की हरितक्रांतीची नवी बियाणं जिथे जास्त लाभदायक ठरत होती, तिथे शिकलेल्या शेतकऱ्यांचा फायदा अधिक वाढला, कारण नवं तंत्र त्यांनी लवकर आणि नीट हाताळलं. सगळं वर्षानुवर्षं तसंच चालत असेल तर शिक्षणाला भाव कमी, बदल सुरू झाला की तो चढतो. अटल सेतू २०२४ मध्ये खुला झाला आहे, शेजारच्या पनवेल तालुक्यात विमानतळ आला आहे. येत्या दहा वर्षांत या पट्ट्यात बदल अटळ आहे, त्यामुळे नवं शिकून घेण्याची सवय लावणारी पदवी आज महाग वाटली तरी उद्या महाग पडणार नाही.

प्रवेशाआधी काय विचारावं

या सगळ्याचा सार असा, की पदवीधराच्या पगारात विषय, संस्थेची खूण, घरची पार्श्वभूमी, बाजाराचं अंतर आणि पास होण्याचं वर्ष या सगळ्यांचा वाटा असतो, आणि फलकावरचा आकडा ते सगळे वाटे एकट्या कॉलेजच्या नावावर जमा करतो. ते वेगळे करायला संशोधक व्हावं लागत नाही. प्रवेशाच्या टेबलावर चार गोष्टी विचारता येतात. गेल्या तीन वर्षांत याच विषयातून किती जण पास झाले आणि त्यांतले किती कामावर आहेत? त्यांच्या पगाराचा मध्यक किती, आणि तो इन-हँड की पॅकेज? किती जण कंपनीच्या हजेरीपटावर आहेत आणि किती ठेकेदाराकडे? तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोन-तीन जणांशी बोलायला मिळेल का?

नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयांना विद्यार्थ्यांच्या पुढच्या वाटचालीची माहिती गोळा करावीच लागते. तीच माहिती विषयवार मांडून कर्जत-खालापूरच्या महाविद्यालयांनी एका तक्त्यात दिली, तर दरवर्षी शेकडो घरांचा निर्णय नीट होईल, आणि आपला कुठला विषय बाजारात मागे पडतोय हे प्राध्यापकांनाही आधी कळेल. तसा तक्ता तयार होईपर्यंत हे चार प्रश्न पालकांनीच विचारत राहायला हवेत. जे कॉलेज त्यांची सरळ उत्तरं देतं, त्याच्या फलकावरचा आकडा लहान असला तरी तिथला अर्ज आधी भरावा.